बारा मिनिटांची ऊब

प्रयोगशाळेत तिला सगळे पाठीमागे 'खुडूक' म्हणत. अंड्यांवर बसलेली कोंबडी कुणी जवळ आलं की पिसं फुलवते, तशी ही पेशींच्या बाटल्यांवर बसलेली असते, म्हणून. तिला हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तरी कानावर आलं की ती चिडायची, कारण आपण चिडलो नाही तर चिडवणाऱ्यांचा विरस होतो, एवढी समज तिला होती.

तिचं काम म्हणजे कॅन्सरच्या पेशी वाढवणं. वीस वर्षं ती तेच करत आली होती. बाटल्यांत, तबकड्यांत पेशींना पातळ गुलाबी अन्न घालायचं, दाटी झाली की वेगळ्या करायच्या, आजारी दिसल्या तर टाकून द्यायच्या. "कॅन्सरला खाऊपिऊ घालून पोसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही," असं तिची थोरली बहीण म्हणायची. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "अगं ताई, वाढवल्याशिवाय मारायच्या कशा?"

मारायची रीत अशी. सोन्याचे कण घ्यायचे, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके बारीक. ते पेशींच्या अन्नात मिसळायचे. पेशी हावरट, समोर येईल ते गिळतात. मग वरून एक लाल, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश सोडायचा. त्या प्रकाशाने सोनं तापतं, पेशी त्रेचाळीस अंशांवर जाते आणि पाऊण तासात तिचा खेळ संपतो. निदान संपायला हवा. पण गेले चार महिने तो संपत नव्हता. शंभरातल्या साठ-सत्तर पेशी दुसऱ्या दिवशी जिवंत, ठणठणीत.

चार महिन्यांपूर्वीच कण बनवायला एक नवी मुलगी आली होती. तिला सगळे 'सोनारीण' म्हणत. साहजिकच बोट तिच्याकडे गेलं. कणांचा आकार बिघडतोय, कण नीट धुतले जात नाहीत, एक ना दोन. बिचारी रविवारीसुद्धा येऊन कण धुवायची, मापायची, पुन्हा धुवायची. शेवटी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी तिला महिनाअखेरीपर्यंत दुसरीकडे सोय बघायला सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण तेव्हा चोर कोण हे कुणालाच माहीत नव्हतं, चोरालाही नाही.

आणि या चार महिन्यांच्या सुरुवातीलाच थोरलीच्या कानाखाली, मानेत, गाठ निघाली.

थोरली पडदे शिवायची. तीस वर्षं एकाच दुकानात, मान खाली घालून. त्यामुळे मान दुखतेय म्हटल्यावर पहिले दोन महिने कुणी लक्षच दिलं नाही, तिनेही नाही. पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या, औषधं, औषधांनी काही न होणं. मग खुडूकने पायाला भिंगरी लावून ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात बहिणीचं नाव लावून घेतलं. तिथे हेच उपचार माणसांवर करून बघत होते. कण गाठीत टोचायचे, ओसरले की पुन्हा टोचायचे, वरून प्रकाश द्यायचा, गाठ तेवढी तापवायची. सहा वेळा, दोन वेळांच्या मध्ये किमान चार दिवस सोडून. इतके दिवस तबकडीत पाहिलेलं आता आपल्या माणसाच्या मानेत होणार, या विचाराने तिला एकीकडे धीर यायचा आणि दुसरीकडे तोंडचं पाणी पळायचं.

मंगळवारी थोरलीच्या गाठीत कण टोचले. बुधवारी पहिलं सत्र. खुडूक दोन्ही दिवस रजा काढून बाहेरच्या बाकावर बसली होती. बसली होती म्हणजे काय, उठत होती आणि बसत होती. प्रकाश सुरू झाला, काटा एकेचाळीसवर आला, बारा मिनिटं झाली आणि यंत्र बंद पडलं. पुन्हा सुरू होईना.

"काही हरकत नाही," तापवाले डॉक्टर म्हणाले. सगळे त्यांना तापवाले डॉक्टर म्हणत, आणि ते भले गृहस्थ होते. "पाहिजे तेवढं तापलंच नाही, म्हणजे सत्र झालंच नाही असं धरू. उद्या दुपारी चारला नव्याने. चार दिवस उद्यापासून मोजू."

थोरलीने सुटकेचा नि:श्वास टाकला. "एकदाचं होऊन जाऊ दे," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी खुडूकने रोजच्याप्रमाणे पाणी गरम केलं, रबरी पिशवी भरली, जुन्या फलालीनच्या कापडात गुंडाळली आणि अर्धा तास थोरलीच्या मानेला शेक दिला. गाठ ठणकायची. त्या अर्ध्या तासात थोरलीचा चेहरा जरा सैल पडायचा. हे दोन वेळचं काम होतं, सकाळ-संध्याकाळ, आणि खुडूक ते कुणाला करू द्यायची नाही. लहानपणी थंडीत शाळेला जाताना थोरली तिचे मोजे किटलीच्या झाकणावर धरून गरम करायची आणि मगच पायात घालायची. त्या घरात कुणी कुणाला प्रेमाचे शब्द बोललेलं आठवत नाही. पण गार मोजे कधी कुणी घातले नाहीत.

"तीनला येते तुला न्यायला," म्हणून ती प्रयोगशाळेत गेली.

दारातच सोनारीण उभी. चार महिन्यांत पहिल्यांदाच हसत होती.

"काकू, मेल्या!"

"कोण?" खुडूक दारातच थबकली.

"पेशी! शंभरातल्या चौऱ्याण्णव. तीन वेळा मोजल्या. परवा तुम्ही नव्हतात ना, म्हणून तबकड्या मीच भरल्या, काल प्रकाश दिला आणि आज बघते तर सगळा खेळ खलास. कण तेच, प्रकाश तोच. आता बोला!"

खुडूक पिशवी खांद्यावरून न उतरवताच सूक्ष्मदर्शकावर वाकली. खरंच मेल्या होत्या. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात काहीतरी टोचलं. कण तेच, प्रकाश तोच, मग वेगळं काय होतं? वेगळं एवढंच, की ती नव्हती.

"तबकड्या भरल्यावर काय केलंस?"

"काय करणार? सरळ इनक्युबेटरमध्ये ठेवल्या."

"ओव्हनवर नाही ठेवल्यास?"

"ओव्हनवर कशाला?" सोनारणीला प्रश्नच कळला नाही.

कळणार कसा? ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. काचेची भांडी निर्जंतुक करायचा मोठा ओव्हन चार महिन्यांपूर्वी तिच्या टेबलाशेजारी आणून ठेवला होता. त्याची वरची पाठ सपाट आणि छान कोमट. पेशींचं अन्न फ्रीजमधून गारढोण निघतं, कामाच्या टेबलावर थंड हवेचा झोत. त्यातून निघालेल्या तबकड्या खुडूक तासभर त्या ओव्हनच्या पाठीवर ठेवायची. अंगात जरा ऊब आली की मग इनक्युबेटरमध्ये, पेशींच्या सदतीस अंशांच्या कपाटात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वहीतही ती लिहीत नसे, कारण ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच तबकड्या मारायला जायच्या.

तिने खणातून तापमापक काढला आणि त्याचं टोक ओव्हनच्या पाठीवर टेकवलं. आकडा चढत गेला. सदतीस, एकोणचाळीस, चाळीस. एकेचाळीस पूर्णांक सहावर थांबला.

मग तिने वही काढली. मध्ये दोन दिवस ओव्हन दुरुस्तीला गेला होता, तिला आठवत होतं. त्या दोन दिवसांच्या तबकड्यांतल्या पेशी मेल्या होत्या. शेजारी सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'योगायोग?' ती खुर्चीत बसली, लगेच उठली, पुन्हा बसली.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. या धंद्यात सगळ्यांनाच ठाऊक असतं. पेशीला जीव जाणार नाही इतपत ताप दिला, तर ती सावध होते. आत एक प्रकारची प्रथिनं बनवून ठेवते. ही प्रथिनं बाकीच्यांना धरून ठेवतात, उष्णतेने चुरगळू देत नाहीत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्या पेशींचं. दोन-तीन दिवस त्या असल्या सावध राहतात आणि तेवढ्यात खरा ताप आला तरी तगून जातात. मग पुन्हा विसरतात. पुस्तकात ते वाचणं वेगळं आणि आपण रोज स्वतःच्या हातांनी ते घडवत होतो हे कळणं वेगळं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आणि त्या लाजेच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, त्याने ती ताडकन उभीच राहिली. एकेचाळीस अंश आणि बारा मिनिटं. झालंच नाही असं धरू, म्हणाले होते डॉक्टर. पण थोरलीच्या गाठीने तसं धरलं नसलं तर? गाठीला कालच ऊब मिळाली होती. आज चारपर्यंत ती पुरती सावध होऊन बसणार. आजचं सत्र फुकट जाणार. जाणार एवढंच नव्हे, कण गाठीतून आठ-दहा दिवसांत ओसरतात आणि पहिल्या सत्रात गाठ हललीच नाही तर नाव यादीतून काढतात, हेही तिला माहीत होतं. थोरलीकडे दुसरा उपाय उरलेला नव्हता.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

नुसतं जाऊन सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. कुठेतरी वाचलंय म्हणावं. पण कुठेतरी वाचलंय म्हणणारे नातेवाईक डॉक्टरांना दिवसाला दहा भेटतात. वही न्यायला हवी होती, सोनारणीचे आकडे न्यायला हवे होते, आणि ते न्यायचे म्हणजे आधी तोंड उघडायला हवं होतं.

"ऐक," ती सोनारणीला म्हणाली. "तुझे कण पहिल्यापासून चांगले होते. चूक माझी होती."

आणि तिने सगळं सांगितलं. सोनारीण ऐकत राहिली. हसू गेलं. ती ओव्हनपाशी गेली, पाठीवर तळहात ठेवला, काढून घेतला.

"चार महिने, काकू," ती म्हणाली.

"हो."

"मी बारा वेळा कृती बदलली. मला वाटायला लागलं होतं की मला हे येतच नाही. आईला सांगितलं मी, की मला नाही जमत."

खुडूक माफ कर म्हणाली, पण ते तिचं तिलाच पोकळ वाटलं. मग बहिणीचं सांगितलं. सोनारणीने आपले कागद गोळा केले, फायलीत घातले आणि ओढणी सारखी करून दारात उभी राहिली. चला, असंही म्हणाली नाही.

निघता निघता खुडूकने सरांना फोन केला. सर परगावी होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आधी नीट तपासू," ते म्हणाले. "दोन आठवडे लागतील. तोवर बाहेर कुठे बोलू नका. प्रयोगशाळेचं नाव आहे."

"सर, चारला सत्र आहे."

"म्हणूनच सांगतोय, घाई नको."

तिने हो-नाही काहीच न म्हणता फोन ठेवला. वीस वर्षांत सरांचा फोन तिने आधी ठेवल्याची ही पहिलीच वेळ. वाटेत थोरलीला कळवलं, की मी आधी पुढे जातेय, तू रिक्षाने ये. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. सोनारीण खिडकीबाहेर बघत होती. प्रत्येक थांब्यावर माणसं इतक्या निवांतपणे चढत-उतरत होती, की खुडूकला एकेकाला हाताला धरून ओढावंसं वाटलं.

डॉक्टर जेवायला गेले होते. मग दुसऱ्या वॉर्डात होते. तीन वाजून दहा मिनिटांनी ते जिन्यात सापडले, आणि खुडूकने त्यांना तिथेच, दोन मजल्यांच्या मध्ये अडवलं.

डॉक्टरांनी निम्मं ऐकलं आणि मान हलवली. "बाई, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तर मध्ये चार दिवस ठेवतो. पण कालचं सत्र झालंच नाही."

"सत्र झालं नाही. पण ऊब मिळाली ना?"

"बारा मिनिटं. तीही एकेचाळीसला. शिवाय तुमच्या पेशी तबकडीतल्या. माणसाच्या अंगात रक्त फिरतं, उष्णता निघून जाते. दोन्हींची तुलना नाही होत."

"होत नसेल. पण डॉक्टर, ही वही बघा. ही चार महिन्यांची माझी चूक आहे. माझ्या हातची. हिच्यामुळे या मुलीची नोकरी चाललीय. स्वतःची अशी अब्रू वेशीवर टांगायची मला हौस आहे का? तुमची खात्री असेल तर चारला करा. पण खात्री आहे का?"

डॉक्टर कठड्याला टेकले. वही चाळली. दुरुस्तीच्या दोन दिवसांपाशी थांबले. मग सोनारणीकडे बघून म्हणाले, "कण तेच होते? नक्की?"

इतका वेळ न बोललेली सोनारीण बोलली. "एकाच बरणीतले. मी सही करून देते."

डॉक्टरांनी वही मिटली. "खात्री नाही," शेवटी म्हणाले. "आणि चार दिवस थांबण्याने बिघडत काही नाही. कण तोवर टिकतील. सोमवारी करू." खुडूक जिन्याच्या पायरीवर बसली.

दोन पायऱ्या उतरून डॉक्टर पुन्हा वळले. "आणि एक. आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून. घरी गाठीला शेक वगैरे देत नाही ना?"

तिने वर पाहिलं.

"देते," ती म्हणाली. "रोज. दोनदा."

आता हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी ताडून बघावं. आयुष्यभर एक गोष्ट आपण मायेने केली आणि तिथेच नेमकं घोडं पेंड खात होतं, हे एका दिवसात दोनदा कळलं तर माणसाने जावं कुठे? डॉक्टर म्हणाले, की शेक आत कितपत पोचतो सांगता येत नाही, गाठ कातडीच्या अगदी खाली आहे, पोचतही असेल. सोमवारपर्यंत बंद ठेवा. म्हणाले ते सौम्यपणेच.

थोरली पावणेचारला रिक्षातून उतरली, नीट विंचरून, मनाची तयारी करून आलेली. सत्र पुढे गेलं हे ऐकून तिचा पारा चढला. "मी काय दुकानातला पडदा आहे, आज नको, सोमवारी न्या?" घरी येईपर्यंत ती धाकटीशी बोलली नाही.

घरी आल्यावर खुडूकने एकच काम केलं. पिशवी रोजच्याइतक्या गरम पाण्याने भरली, त्याच कापडात गुंडाळली आणि प्रयोगशाळेतून आणलेल्या तापमापकाचं टोक खाली ठेवून स्वतःच्या हातावर दाबून धरली. दहा मिनिटांनी आकडा वाचला. एकेचाळीस पूर्णांक दोन. तिने पिशवी रिकामी केली आणि शेजारणीकडे नेऊन दिली. ती घरात राहिली तर आपल्याच्याने राहवणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

पुढचे चार दिवस त्या घरात कुणाला चैन नव्हतं. ठणका संध्याकाळी वाढायचा. गोळ्यांनी कमी व्हायचा, पण पुरता जायचा नाही. थोरली खोलीत येरझारा घालायची, हिच्या डोळ्याला डोळा भिडवायची नाही. शनिवारी मात्र ती फुटली.

"पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं शेक दे. कोमट दे."

"नाही ताई."

"तुला मी कधी गार मोजे घातले होते का गं?"

"नाही."

"मग?"

खुडूकने तिला सगळं सांगितलं होतं. ओव्हनचं, पेशींचं, पिशवीचं. थोरलीने ते ऐकून घेतलं होतं आणि मनात कुठेतरी ठेवलं होतं. ते आता बाहेर आलं. "म्हणजे बाटल्यांतल्या पोसल्यास तशी माझीही पोसलीस," ती म्हणाली.

खुडूक स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली. बहीण खोटं बोलली असती तर भांडता आलं असतं. पण हे खरं की खोटं तेच तिला माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत ओव्हनच्या पाठीवर कागद चिकटवलेला होता, 'येथे काहीही ठेवू नये'. अक्षर सोनारणीचं. सरांनी तिची नोकरी कायम केली होती. खुडूकशी ते कामापुरतं बोलले. सोनारीण तेवढंही बोलली नव्हती. पण खुडूक निघाली तेव्हा मान वर न करता म्हणाली, "ताईंना सांभाळून न्या, काकू."

चारला रुग्णालयात थोरलीच्या मागे दार बंद झालं. यंत्र या वेळी बंद पडलं नाही. पाऊण तास खुडूक बाहेरच्या बोळात इकडून तिकडे फिरली. बाकावर तिची खांद्यावरची पिशवी तेवढी बसली होती. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "पंचेचाळीस मिनिटं. एकदाही त्रेचाळीसच्या खाली नाही. गाठ हलली का ते पुढच्या वेळी मापून बघू, पुरतं काय ते दीड महिन्याने कळेल. पुढचं शुक्रवारी. तोवर तुमचं पथ्य चालू."

थोरली भिंतीला धरून बाहेर आली. मान लालबुंद झाली होती. बाकावर बसली, डोळे मिटले आणि सवयीने म्हणाली, "घरी गेल्या गेल्या पिशवी भर गं."

खुडूकने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. थोरलीने डोळे उघडले. धाकटीकडे बघितलं, चार दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, चुरगळलेला पदर, सगळं.

"नाही, नको," ती म्हणाली. "हात ठेव नुसता."

"माझे हात गरम आहेत, ताई."

"मग गार करून ये."

बोळाच्या टोकाला नळ होता. खुडूकने दोन्ही हात त्याखाली धरले. पाणी गार होतं. बोटं आखडली, मग बधिर झाली, तरी ती उभी राहिली. मागे रांग लागली, कुणीतरी खाकरलं. तिने हात कोरडे केले नाहीत. तसेच पुढे धरून धावत परत आली आणि बहिणीच्या तापलेल्या मानेवर ठेवले.

"आई गं, किती गार!" थोरली कळवळली. आणि तिने धाकटीचा हात आपल्या हाताने वरून घट्ट दाबून धरला.